चादरीखालची सासू

॥ श्री मारुतीराया प्रसन्न ॥
खांडबारा

प्रिय ममता,

सुरतेला ऊन फार तापलंय म्हणतात, मुलांना दुपारचं बाहेर सोडू नकोस. फोनवर मी 'जेवलीस का' विचारते, तू 'हो अक्का' म्हणतेस आणि तिथंच आपल्या दोघी बहिणींचं बोलणं सरतं. म्हणून हे लिहायला बसले. हिशेबाच्या वहीत मागे कोरी पानं होती, त्यातलंच एक घेतलंय. ओळी दाटीनं लिहिते, समजून घे.

बातमी अशी की मी नाटकात काम केलं. हनुमान जयंतीला आमच्या भजनी मंडळाच्या बायकांनी मारुतीच्या पारावर नाटक बसवलं. सासू मेल्याचं सोंग घेऊन पडते आणि आपल्यामागे कोण खरं रडतं ते बघते, अशी गोष्ट. सासू व्हायला कुणी तयार होईना. कपाळाला कुंकू असताना प्रेत होऊन पडायचं म्हणजे अपशकुन. एरवी मीही नाहीच म्हटलं असतं. पण माय गेल्यापासून माझं पाठांतर गेलंय, रोजची आरतीसुद्धा मध्येच अडते. नाटक बसवणाऱ्या रंजनाबाई म्हणाल्या, "तुले बोलनं नही, रडनं नही, नुसतं पडी ऱ्हावानं शे." मनात म्हटलं, माघापासून दुसरं काय करतेय मी. मारुतीपुढे नारळ ठेवला आणि हो म्हणून टाकलं.

अंगावर घ्यायला घरचीच जुनी चादर नेली, नवी कशाला मातीत लोळवायची. तिला एक भोक होतं, त्यातून सून झालेली रमिलाबाई दिसायची. आपल्याकडच्या बायका रडतात तसं सुरात रडत ती एका हातानं छाती बडवायची आणि दुसऱ्या हातानं माझी कंबर चाचपायची. "मन्ही सासू वं माय, कपाटनी चावी कोठे ठेई गयी वं!"

ममता, मला एकदम मायचं अंगण दिसलं. तू मायच्या पायांवर डोकं ठेवून रडत होतीस आणि मायच्या चाव्या माझ्या कमरेला आल्या होत्या. अक्का, साखर कोठे शे. अक्का, चटया काढ. अक्का, गंगाजळ दे. थोरली म्हणून सगळे मलाच विचारत होते आणि मी एकेक कुलूप उघडत होते. शेजारच्या गंगीबाईला तर मायनं मागून आणलेली तिची कढई तेव्हाच परत हवी होती. तीही शोधून दिली.

ती कढई आठवली आणि चादरीखाली मला हसू फुटलं. ओठ चावले, देवाचं नाव घेतलं, पण पोट ऐकेना. पुढे बसलेली पोरं ओरडली, "मढं हाली ऱ्हायनं!" रमिलाबाई कसली हुशार, लगेच म्हणते, "हालू द्या रे, मरी गयी तरी चावी देवाले ना म्हनस!" सगळा पार हसला. त्या हसण्यातच माझं रडू सुटलं. शेवटी उठून सुनेचा कान धरायचा होता, तो राहूनच गेला. रमिलाबाईनं मला धरून बसवलं आणि तिच्या खांद्यावर मी गळा काढून रडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंजनाबाई अजून सगळ्यांना सांगतात, काम फार खरं झालं म्हणून. त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवले. सकाळी आरती सलग झाली. छाती हलकी वाटतेय.

तेराव्याला निघताना तू म्हणालीस, "अक्का, तुन्हा डोयामा टिपूस नही. माय तुन्ही नव्हती का?" त्याचं उत्तर आता आहे, पण ते कागदावर नको. दरवर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माय आपल्या दोघींच्या चुलतभावाला, हेमराजला, मुराळी म्हणून तुला माहेरी आणायला धाडायची. यंदा मायचं घर बंद, म्हणजे तू कुणाची वाट बघणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तर मुराळी म्हणून मीच येते आहे, आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं. बाईमाणूस कधी मुराळी होतं का म्हणून तुझे सासरचे हसतील, हसू देत. यांनी दारच्या निंबाला झोका बांधून ठेवलाय. यायचं नसेल तर तसं मला समोर सांग, फोनवर नको. येताना नवापूरला उतरून मायचं घर उघडू. या वेळी कुलूप तू काढ. मी पायरीवर बसेन.

तुझीच,
अक्का