अभ्यासाच्या नावाखाली

आई,

तुझ्या नातीने लॅपटॉप मागितला तेव्हा मला आधी तू आठवलीस. तू स्वतः लॅपटॉपला कधी हातही लावला नाहीस. तू गेलीस तेव्हा ती मोठ्या कंपन्यांतल्या साहेबलोकांची वस्तू होती. आता अकरावीतल्या पोरींना लागतो. कॉलेजचे प्रोजेक्ट, क्लासच्या नोट्स, सगळं त्याच्यावरच. पण हिला तो नुसता अभ्यासाला नको होता, गेम खेळायला हवा होता, आणि नेमकं तेवढंच सोडून ती बाकी सगळं बोलत होती. ‘आई, प्रेझेंटेशनला चांगला स्पीड लागतो.’ ‘आई, व्हिडिओ एडिटिंग आता सगळ्यांना यायलाच पाहिजे.’ ‘आई, ग्राफिक्स कार्ड असलं ना, की डोळ्यांना त्रास कमी होतो.’ हे शेवटचं ऐकून माझं लाटणं थांबलं. म्हटलं, अगं, ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय चष्मा आहे? ती हसली नाही. चोराच्या मनात चांदणं. मान खाली घालून पोळीला तूप लावत बसली, न सांगता. एरवी ताटसुद्धा उचलत नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण हा सूर मी आधी ऐकलेला आहे. तुझाच आहे तो, बाबांशी बोलतानाचा. आठवतंय ना तुला? मे महिन्याची सुट्टी आहे, आपण विठ्ठलवाडीच्या त्या दोन खोल्यांत राहतोय, आणि तू मला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात निघालीस. भिशी लागलीये तुला. मला वाटलं पातेली घेणार, नाहीतर पडद्यांचं कापड. तू सरळ टीव्ही-रेडिओच्या एका दुकानात शिरलीस. तिथे टीव्हीला जोडायचा तो कीबोर्ड होता, भुरकट पांढरा, दोन रिमोटवाला. सोबत दोन कॅसेट, एक अभ्यासाची आणि एक गेमची. दुकानदाराने अभ्यासाची लावून दाखवली. तू ‘हो का, हो का’ म्हणत बघितलीस आणि मग म्हणालीस, ‘आणि ती दुसरी?’ दुसरी लागली. तू पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवलीस, पदर खोचलास आणि उभ्याउभ्या रिमोट हातात घेतलास. दुकानदार शेवटी म्हणाला, ‘ताई, घेणार आहात ना?’ रिक्षात बसल्यावर खोकं मांडीवर घेऊन तू मला पढवलंस. ‘बाबांना काय सांगायचं? कॉम्प्युटर आहे. अभ्यासाचा.’ मी म्हटलं, ‘आणि गेम?’ तर म्हणालीस, ‘तीपण अभ्यासाचीच. डोकं चालतं.’

बाबांचा विश्वास बसला, इतका बसला की पंचाईत झाली. आमच्याकडे कॉम्प्युटर आहे हे त्यांनी आख्ख्या बिल्डिंगला आणि कारखान्यात आपल्या खात्याला सांगून टाकलं. एका रविवारी त्यांचे साहेब चहाला आले, कॉम्प्युटर बघायला. मी घाबरले. तू शांतपणे अभ्यासाची कॅसेट लावलीस, एका बोटाने तुझं नाव इंग्रजीत टाईप केलंस, मग पडद्यावर बेरजा आल्या त्या सोडवल्यास. उत्तर बरोबर आलं की ते यंत्र पिपाणी वाजवायचं. साहेब म्हणाले, ‘वा, वहिनींनाही येतं की.’ बाबा म्हणाले, ‘हीच तर शिकवते तिला.’ तू चहा ठेवायला आत गेलीस. मी मागोमाग आले तर तू ओट्याशी पाठमोरी उभी, आणि खांदे नुसते हलतायत. माझ्याकडे वळलीस आणि डोळे पुसत म्हणालीस, ‘दात काढू नकोस, खारी नेऊन दे बाहेर.’

दुपारी खरा कार्यक्रम असायचा. माझी शाळा सकाळची. जेवणं उरकायची, भांडी घासून व्हायची, दार लोटून घ्यायचं. ती रणगाड्यांची गेम आठवते तुला? खाली मधोमध विटांच्या कुंपणात एक पक्षी, वरून शत्रूचे रणगाडे सुटायचे, आणि दोघींनी मिळून तो पक्षी राखायचा. मी मेले की रिमोटला दोष द्यायचे, बटण अडकतं म्हणून. तू पडद्यावरची नजर न काढता म्हणायचीस, ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ एकदा तुझा खेळ रंगात आलेला असताना मी रिमोट ओढला, तर तू खसकन हात झटकलास. ‘माझा चान्स आहे. हात काढ.’ मी बघतच राहिले. घरात मासळीचा चांगला तुकडा, पंख्याखालची जागा, नवी चादर, कशावर तू कधी हक्क सांगितला नव्हतास. आणि खेळ सुरू झाला की दर वेळी तुझं ठरलेलं वाक्य असायचं. ‘तू घर सांभाळ, मी वर जाते.’ म्हणजे पक्षी मी राखायचा आणि तुझा तो पिवळा रणगाडा विटा फोडत थेट वर, शत्रूच्या तोंडावर. खेळून खेळून तुझ्या उजव्या अंगठ्याची कातडी निबर झालेली. बाजूच्या काकूंनी विचारलं तर म्हणालीस, लसूण सोलून झालीये.

मग दहावी आली. त्याच सुमारास एका दुपारी अडॅप्टर जळाला. केवढा वास सुटला होता. बाबा कामावरून आले, त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, ‘राहू दे आता. दहावीचं वर्ष आहे. अभ्यासाचा कॉम्प्युटर अभ्यासाच्याच आड यायला नको.’ रागाने नाही म्हणाले ते, आपल्या भल्याचंच म्हणत होते. तू अडॅप्टर हातात घेऊन उभी होतीस. बोलणार असं वाटलं मला. पण काय बोलणार होतीस तू? मी खेळते म्हणून? तेव्हा कुणाची आई असं म्हणायची? वस्तू अभ्यासाच्या नावाखाली घरात आली होती, ती अभ्यासाच्याच नावाखाली निघाली, आणि तुझ्याकडे तिला थांबवायला दुसरं नावच नव्हतं. तू ‘बरोबर आहे’ म्हणालीस. वायरी गुंडाळून सगळं खोक्यात भरलंस आणि खोकं कपाटावर टाकलंस. त्यानंतर दुपारी तू साड्यांना फॉल लावायला घेतलेस. माझी दहावी झाली, पेढे वाटलेस, मग बारावी आली, मग नोकरी. ते खोकं कुणी खाली काढलं नाही, आणि तूही पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाहीस.

इतकी वर्षं मी समजत होते की तो कीबोर्ड माझा होता. आई, तो तुझा होता. तो तू तुझ्यासाठी आणला होतास, आणि हे कळायला मला स्वतःची लेक अकरावीत जावी लागली. त्या दिवशी तिच्या हाताला तूप लागलेलं बघताना हे डोक्यात आलं आणि इतकं वाईट वाटलं, की मी गॅस बंद करून जरा बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

तेव्हाच मी ठरवलं, या वेळी वस्तू घरात येईल ती स्वतःच्या नावाने येईल. नाहीतर पुढच्या वर्षी बारावी आहेच. तुझा जावई, तुला न भेटलेला, तसा सरळ माणूस आहे. पण गेम म्हणजे टाइमपास हे त्याचं पक्कं आहे. ‘साधा घ्या, अभ्यासापुरता,’ म्हणून त्याने रक्कम हातात ठेवली होती. बारावीत तो नुसतं ‘वर्ष महत्त्वाचं आहे’ म्हणेल, आणि ही तुझ्यासारखी उभी राहील, हातात चार्जर घेऊन, एक शब्द न बोलता. ते मला बघवणार नाही.

मी नौपाड्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. दुपारच्या सुट्टीत लेक डोंबिवलीहून आली आणि आम्ही जवळच्याच दुकानात गेलो. विकणारा मुलगा चटपटीत. ‘कॉलेजसाठी ना मॅडम? मग हा घ्या, पातळ, हलका, बॅटरी दिवसभर.’ लेक बारीक आवाजात म्हणाली, ‘हो, स्टडीसाठीच.’ पण तिची नजर पलीकडच्या एका जाड, काळ्या यंत्रावर होती, ज्याची बटणं खालून उजळत होती. मी म्हटलं, ‘हे बघ दादा, हिला गेम खेळायच्यात. अभ्यासही करणार आहे. दोन्ही होईल असा दाखव, आणि आमच्या बजेटात बसव.’ लेकीने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिची डायरी मोठ्याने वाचली. तो मुलगा मात्र सुटल्यासारखा म्हणाला, ‘मॅडम, हे आधी सांगायचं ना. पातळवाल्यावर गेम टाकली असती तर इस्त्री झाली असती त्याची.’

आणि मग आई, हिची जीभ जी सुटली. गेम पळतात त्या ग्राफिक्स कार्डावर, आणि ते लॅपटॉपमध्ये नंतर बसवता येत नाही, म्हणून पैसे तिथे घालायचे. रॅम आत्ता कमी असली तरी चालेल, आत एक खाच रिकामी आहे ना एवढं बघून घ्यायचं, दिवाळीला वाढवता येते. सगळ्यात भारी मॉडेल तिने स्वतःच बाजूला सारलं, ते आपलं नाही म्हणून. मग गेल्या वर्षीचं एक काढायला लावलं. रंग जरा फिके, वजन बऱ्यापैकी, बॅटरी दोन लेक्चरं टिकली तर नशीब, आणि चार्जर बघशील तर निम्मी वीट. पण कार्ड चांगलं. तिने गेम सुरू करायला लावली आणि गरम हवा कुठून येते ते तळवा धरून बघितलं. ‘आई, हा चालेल. मोठ्या गेम मीडियम सेटिंगवर चालतील.’ मी विचारलं, ‘मन मारून नाही ना घेत?’ म्हणाली, ‘नाही गं. आपल्यात हाच बेस्ट आहे.’

खोकं घेऊन बाहेर आलो. दवाखाना उघडायला वेळ होता, म्हणून रसवंतीत बसलो. ती म्हणाली, ‘तू असं सरळ कसं सांगितलंस?’ मग मी तिला तुझी सगळी गोष्ट सांगितली, रणगाडे, साहेब, अडॅप्टर, सगळं. ती ग्लास तसाच धरून ऐकत होती. ‘म्हणजे आजी गेमर होती?’ मी म्हटलं, हो. असं काही असतं हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, पण हो, होती.

आता पुढचं ऐक, आणि हसू नकोस. घरी तुझ्या जावयाने खोकं उघडलं, लॅपटॉप हातावर तोलला आणि म्हणाला, ‘एवढा जाडजूड? अभ्यासाला एवढा कशाला लागतो?’ दुकानात अनोळखी पोरासमोर मी किती शूर झाले होते. आणि घरात माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? ‘कॉलेजनेच सांगितलंय असा घ्यायला. त्यांचं सॉफ्टवेअर जड असतं.’ अडखळलेसुद्धा नाही गं. अगदी तुझ्या आवाजात निघालं. लेक माझ्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, ‘नाही बाबा. जाड आहे तो गेमसाठी. अभ्यास करणारच आहे, पण गेमपण खेळणार आहे मी.’ त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. ‘आणि बारावीत?’ ती म्हणाली, ‘बारावीतपण. कमी खेळेन. पण तो कपाटावर नाही टाकायचा.’ त्याने चार्जर हातात घेतला, केवढा हा म्हणून पुन्हा ठेवला, आणि म्हणाला, ‘बरं. हेडफोन लावून खेळ मग. मला बातम्या ऐकू येऊ देत.’ आणि जेवायला बसला.

झालं. एवढंच. मी आमटी वाढायला घेतली. इतकं सोपं होतं हे? मला तुझा राग आला आई, खरंच आला. का नाही बोललीस तेव्हा? बाबाही कदाचित म्हणाले असते, बरं, आवाज कमी ठेव. कदाचित नसतेही म्हणाले. मग राग उतरला, कारण मी स्वतः पाच मिनिटांपूर्वी काय करून बसले होते ते मला दिसत होतं, आणि माझ्या काळात तर हे सगळं तुझ्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

आता शनिवारी दुपारी ती खेळते. मी मागे पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसते. त्याच त्याच घड्या मोडून पुन्हा घालते, खरं सांगायचं तर. काल तिने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि न वळताच विचारलं, ‘आई, खेळतेस? दोघींना खेळता येतं हे.’ मी म्हटलं, ‘मला कुठे वेळ, माझी कामं पडलीयेत.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि हेडफोन परत लावला.

कामं काही पडलेली नव्हती. हे तिला सांगायला अजून तोंड उघडत नाही, म्हणून हा कागद घेऊन बसले, जो कुठे पाठवायचा नाही. मलाही खेळायचंय, आई.