एक ते शंभर

प्रिय मैथिली,

फोन मुद्दामच केला नाही. तू नुसती ऐकत राहिली असतीस आणि मी एकटीच बडबडले असते, म्हणून म्हटलं, सरळ लिहावं. बडबड तशीही करणारच आहे.

तर, आपल्या दूध संस्थेच्या सर्व्हरची डिस्क गच्च भरली. तुला आठवत असेल, त्यात प्रत्येक कामाचा वेगळा बंद डबा असतो, त्याला आपण कंटेनर म्हणायचो. एक फॅट मोजणीचा, एक जनावरांच्या लसींचा आणि एक तुझ्या आवाजाचा. हे सगळे मोठ्या डिस्कवर हलवायचं ठरलं. मी तात्यांना एवढंच म्हणाले, की कंटेनर मोठ्या जागेत हलवायचेत. आपले चेअरमन ते! त्यांनी मागचं आवार झाडून घेतलं आणि शिरोलीहून क्रेन बोलावली. क्रेनवाला दारात उभा राहून तात्यांना विचारतोय, "पावणं, कंटेनर कुठं हाय?" मी तळहाताएवढी डिस्क दाखवली.

मला धास्ती होती ती तुझ्या डब्याची. लोक दूध घालून घरी पोचतात न पोचतात, तोच फोनवर तू सांगतेस, आज किती लिटर, फॅट किती. तुला कागल सोडून चार वर्षं झाली, तरी अजून तूच सांगतेस. ते सगळे आकडे तू याच खोलीत, पंखा बंद करून, तीन दुपारी म्हटलेस. एक ते शंभर, शिवाय सव्वा, साडे, पावणे. बाहेर कॅन धुण्याचा खडखडाट थांबायची वाट बघत आपण घामाघूम बसायचो आणि का कोण जाणे, हसत सुटायचो. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं, तो पुढे तू रंकाळ्यात पाडलास. दुसरी प्रत ठेवायला सर्व्हरवर जागाच नव्हती. म्हणजे तुझा तो आवाज जगात फक्त इथेच होता.

शनिवारी सगळं थांबवलं, डबे नव्या डिस्कवर उतरवले, सर्व्हरला नवी जागा सांगितली. चालू झालं, तू बोललीस. मी खुशीत जुनं सगळं पुसून टाकलं. सोमवारी दुपारी लाईट गेली, परत आली, सर्व्हर उठला, आणि आत काहीच नाही! खरं सांगते, रडले गं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणाबाई दूध घालायला आली. ती तुला अजून आत ऑफिसात बसलेली पोरगी समजते. म्हणाली, "ती पोरगी काल बोललीच न्हाय की. आजारी हाय काय?"

दुपारी डोक्यात प्रकाश पडला. सुरू होताना नवी डिस्क आपोआप जोडून घे, ही एक ओळ मी लिहायचीच विसरले होते. सर्व्हर डिस्क न जोडताच उठला आणि त्याच नावाचा रिकामा कप्पा उघडून त्यात शहाण्यासारखा बसला. ओळ लिहिली, डिस्क जोडली, पंखा बंद केला आणि कान लावला. तू एकेक आकडा म्हणू लागलीस. एकवीस, बावीस, तेवीस... खिडकीतलं ऊन भिंतीवरून हळूहळू खाली सरकत होतं, बाहेर कुणी कॅन आपटत नव्हतं, आणि तू माझ्या शेजारच्याच खुर्चीत आहेस असं इतकं वाटत होतं, की मी मान वळवून बघितलंच नाही.

आता लिहिण्याचं कारण. ऑपरेशननंतर आवाज परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचा तुझा मेसेज गेल्या महिन्यात आला. शेवटी तू लिहिलं होतंस, की संयोगिता आठ महिन्यांची आहे, तिला आईचा आवाज कधी आठवणारच नाही. मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. आता आहे. सोबत पेनड्राइव्ह पाठवतेय. त्यात नुसते आकडेच आहेत गं, पण आकडे तर तिला शिकायचेच आहेत ना? ते तिला आईनंच शिकवू दे.

तुझीच,
तेजस्वी