पट्टी सोडायची का?

प्रिय सूनबाई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवशील, अशी धास्ती आहे. ठेव हवं तर, पण फाडू नकोस. परत ये म्हणायला मी लिहीत नाहीये. तू माहेरी बरी आहेस, पुन्हा शिवणकामाला जायला लागलीस, हे तुझ्या वहिनीकडून कळलं. जिवाला बरं वाटलं. इकडे माझे गुडघे जिना चढताना माझ्या नावाने शंख करतात, बाकी ठीक. आणि आपल्या घरात कोंबडीचं एक पिल्लू आलंय. हसू नकोस.

तुझ्या नवऱ्यानेच आणलं. उबवणी केंद्रातलं त्याचं काम तुला ठाऊक आहे. यंत्रातून ट्रे काढायचे, धडधाकट पिल्लं खोक्यात भरायची आणि उभी राहत नाहीत ती पिंपात टाकायची. इतकी वर्षं बिनबोभाट करत आला. पंधरवड्यामागे मात्र पाय फाकलेलं एक पिल्लू शर्टाच्या खिशात घालून घरी आला. मी म्हटलं, अरे, वेडबिड लागलं की काय तुला? तो चपला न काढताच आत गेला, चिकटपट्टी बारीक कापली, पिल्लाचे पाय सरळ धरले आणि मधे बोटभर जागा सोडून एकमेकांना बांधले. अशी पट्टी बांधली की चारेक दिवसांत पाय जागेवर येतात म्हणे. तुला माहितीये ना त्याचे हात, स्वयंपाकघरात एक कप धड राहत नाही त्यांच्यापुढे. मी बघतच राहिले.

खोकं त्याने आतल्या खोलीत ठेवलं. हो, त्याच खोलीत. पाळणा अजून तिथेच आहे, तो हलवायची माझी छाती होत नाही. दार लोटलेलं असलं की भर दुपारी फटीतून पिल्लाच्या उबेसाठी लावलेल्या दिव्याचा लालसर उजेड बाहेर येतो आणि आतून चिवचिव. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटते गं. पिल्लू झोपलेलं असतं तेव्हाही मला आवाज येतो, आणि तो पिल्लाचा नसतो. एकदा कपडे वाळत घालत होते तर आत कुणीतरी गुणगुणत होतं. तुझंच ते गाणं, मधली ओळ विसरून पुन्हा पहिलीवर येणारं. मला वाटलं, तू आलीस! ओल्या हातांनीच धावले. तोच होता. खोक्यावर वाकून, पिल्लाच्या छातीवर बोट टेकवून श्वास चाललाय का बघत होता.

रात्रपाळी करून येतो आणि स्टूल ओढून तिथेच बसतो. डोळे नुसते तांबारलेले. मी म्हणते, घटकाभर पड रे बाबा, मी बसते. तर स्टूल खोक्याच्या आणखी जवळ ओढतो. शेजारची नर्सबाई विचारत होती, मुलगा आजारी आहे का. काय सांगू तिला, कपाळ माझं?

जाण्याआधी तू त्याला एकच विचारलंस, तुला झोप लागली होती का? तो हो म्हणाला. तू माहेरी निघून गेलीस. तो प्रश्न मात्र घरातच राहिला. तुला बोल लावत नाही गं. पोटची पोर गेलेल्या बाईने काय विचारावं, हे शिकवणारी मी कोण? तू कामावर होतीस, तो रात्रभर राबून आलेला, पाळण्याच्या दांडीवर हात ठेवूनच डोळा लागला त्याचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काही बाळं अशी झोपेतच जातात, बाप जागा असता तरी कळलं नसतं. तिघांनीही ऐकलं. डोक्यात कुणाच्याच शिरलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. पिल्लाचे पाय कधीच बरे झालेत. पंख फुटलेत, दाणे टिपतं, माझ्या बोटाला चोची मारतं, मेलं भारी आगाऊ आहे. पण तो पट्टी सोडत नाही. अंग वाढतंय आणि पट्टी रुतायला लागलीये. बांधलेल्या पायांनी धावायला जातं नि तोंडावर आपटतं. अशाने जन्माचं लंगडं होईल, हे त्याला कळत नाही होय? तो कामावर गेल्यावर मी एकदा कापून टाकली, तर आल्यावर त्याने नवी बांधली, पहिलीपेक्षा घट्ट. काल त्याच्यादेखत कात्री उचलली तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, नको आई, तिला विचारल्याशिवाय नको, माझ्या भरवशावर आता काहीच नको. आणि रडला गं. बाळ गेलं तेव्हा रडला नव्हता, तो खोक्यापाशी बसून लहान मुलासारखा रडला. तुला विचारायची त्याची हिंमत नाही, म्हणून मी विचारते. त्याने सोडावी का ती पट्टी? यायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी त्यात पडणार नाही. पण तुझ्या हातचे दोन शब्द त्याच्या नावाने पाठव. लवकर पाठव, पाय अजून सरळ आहेत.

तुझीच,
भांडखोर सासू