शुभेच्छुकांची वेबसाइट

५ जानेवारी २०२५, रविवार
गावाकडे जाऊन आलो. बसमध्ये उभं राहून पाय भरून आलेत. थोरल्या भावाची, भावकू अण्णाची, मळणी झाली. यंदा बासमती झकास उतरलाय. व्यापाऱ्याचा माणूस कट्ट्यावर येऊन बसला होता आणि अण्णा माल देऊन मोकळा होणार होता. मीच थांबवलं. म्हटलं, वेबसाइट काढतो, पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं थेट तुझ्या दारात येतील. अण्णा म्हणाला, "तू शिकल्याला हाईस. तू म्हंतोस तर थांबतो." अण्णा शेतात राबला म्हणून मी शिकलो आणि शहरात सहकारी सोसायटीत क्लार्क झालो. आता आपली पाळी. महिन्याभरात वेबसाइट तयार पाहिजे.

१२ जानेवारी
खडेबाजारातल्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. शिकवणाऱ्या तेजस्वी मॅडम आमच्या लेकीपेक्षा लहान. त्यांनी सांगितलं की पहिल्या पानावर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: काय विकताय, कोण विकतंय, फोन कुठे करायचा. फारच बेसिक. इतकी वर्षं सोसायटीचा अहवाल मी लिहितो, मला हे काय सांगता? मान दुखतेय. उद्यापासून रोज पहाटे पाचला सराव.

१३ जानेवारी, सकाळी ८.४०
आत्ता उठलो. उद्या संक्रांत, त्यामुळे आज सुरुवात करण्यात अर्थ नाही.

२६ जानेवारी
क्लास बुडाला. ऑफिसात झेंडावंदन होतं, नंतर अंग टाकलं ते संध्याकाळीच उठलो. पण रंग ठरला. हिरवा. नीलम म्हणाली, हा तर आपल्या बाथरूमच्या फरशीचा रंग. बायकोला डिझाइनमधलं कळत नाही आणि तिला समजावायला माझ्यात त्राण नाही.

२ फेब्रुवारी
आज डोक्यात लख्ख उजेड पडला. अनगोळच्या नाक्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाय. वर मोठे साहेब, खाली गोल गोल फोटोंत सगळे शुभेच्छुक. माणसं थांबून बघत होती. आपल्याकडे चार ओळखीचे चेहरे दिसल्याशिवाय कुणाचा विश्वास बसतो का? मॅडमना हे पुस्तकात सापडणार नाही. पहिल्या पानावर मोठ्या फोटोत आमच्या सोसायटीचे चेअरमन नागोजीराव, खाली शुभेच्छुक आणि मध्ये अण्णा.

९ फेब्रुवारी
नागोजीरावांनी फेटा बांधून नवीन फोटो काढून दिला. मोठ्या माणसाचं मन मोठं.

२३ फेब्रुवारी
डोकं भणभणतंय. चुलतभाऊ मष्णू रुसला, त्याचा फोटो दुसऱ्या ओळीत गेला म्हणून. त्याला वर घेतलं तर मेव्हणे खाली आले. मग मेव्हण्यांचा फोन. ऑफिसातल्या यल्लाप्पाने नाव कन्नडात हवं म्हणून सांगितलं. बरोबरच आहे त्याचं. पण त्याला दिलं की सगळ्यांना द्यायला हवं, म्हणून प्रत्येकाचं नाव दोन्ही लिप्यांत घातलं. पान आता विहिरीच्या दोरासारखं खाली खाली जातंय. तांदळाची माहिती लिहायची राहिली. ती काय, दहा मिनिटांचं काम.

९ मार्च
नीलमच्या मोबाईलवर वेबसाइट उघडेना. मॅडम म्हणाल्या, फोटो जड आहेत, बारीक करा नाहीतर कमी करा. बारीक कसे करायचे ते त्यांनी ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी मी घरी झोपलो होतो, आणि परत विचारणं बरं दिसत नाही. कमीच करू म्हटलं. पण कुणाला? नागोजीरावांना हात लावता येत नाही, मेव्हण्यांना तर नाहीच. शेवटी अण्णाचा काढला. तो घरचाच, तो रुसणार नाही.

१६ मार्च
अण्णाचा फोन. व्यापारी परत आलाय, काय करू म्हणत होता. म्हटलं, पाडव्यापर्यंत कळ काढ. बरं म्हणाला. पलीकडून वहिनी काहीतरी बोलत होत्या, ते मी ऐकलं नाही.

३० मार्च, पाडवा
उद्घाटन झालं. सोसायटीच्या हॉलमध्ये नारळ फोडून नागोजीरावांनी बटण दाबलं. पान उघडायला वेळ लागला, तेवढ्यात त्यांचं भाषणही झालं. अण्णा आणि गुणाबाई वहिनी गावाहून आले होते, मागे भिंतीला टेकून उभे. अण्णाने माझा मोबाईल घेतला आणि बोटाने पान वर-खाली, वर-खाली केलं. मग हळूच विचारलं, "शामू, ह्येच्यात तांदूळ कुठं हाय रं?"
म्हटलं, ते दुसऱ्या टप्प्यात येणार आहे, फोन नंबरही तेव्हाच घालू.
वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांचं फोटो हाईत. ह्यांचा न्हाय व्हय?"
"असूदे गं," अण्णा म्हणाला. "मला कोण वळखतंय हितं."
नंतर पेढे वाटले. मला काही ते गोड लागले नाहीत. उन्हामुळे असेल.

६ एप्रिल
पहिली चौकशी आली! वेबसाइट बघून चिकोडीच्या एका गृहस्थांनी मॅडमच्या क्लासला फोन केला; पानाच्या तळाशी क्लासचं नाव आहे. त्यांना पुतण्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करून हवा आहे. म्हणजे डिझाइन लोकांना आवडलंय.

२० एप्रिल
वळीव सुरू झाला. अण्णाने माल त्याच व्यापाऱ्याला दिला. पोती भिजायला लागली होती, त्यामुळे त्याने मागितलेला भाव दिला नाही. अण्णा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. येताना आमच्यासाठी पोतंभर तांदूळ टेम्पोत घालून आणला, स्वतः वर उचलून ठेवला आणि पाणी पिऊन गेला. जेव म्हटलं तर थांबला नाही.
पुढच्या वर्षी नव्याने करायचं, पहिल्यापासून. मॅडमचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आज मात्र दमलोय.

रात्री जेवताना
नीलमने तोच भात लावला. वास जिन्यापर्यंत गेला असावा, कारण शेजारच्या भैरवी वहिनी वाटी घेऊन विचारायला आल्या. त्यांच्या पुण्याच्या बहिणीला अगदी असाच तांदूळ हवाय, म्हणे वर्षभराचा घेईल, कुठे मिळतो?
"मिळत होता," नीलम म्हणाली, आणि त्यांच्या वाटीत भात वाढला.