काम कुणाच्या हातचं

बाबा, मी सुपरवायझर झाले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि हे सांगायला मला दुसरं कुणी नाही असंही नाही. आईला सांगितलं, तिने देवापुढे साखर ठेवली. लेकीने लगेच मैत्रिणींना कळवलं. तरी वाटत राहिलं की ज्या माणसाने मला तारेची भीती आणि तारेची ओढ दोन्ही लावली, त्याला हे कसं झालं ते नीट सांगावं. कारण ते सरळ झालं नाही.

तुम्ही तालुक्यातल्या गावोगाव घरांचं वायरिंग करत होतात, आणि सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या स्कूटरवर मागे, मांडीवर वायरची गुंडाळी घेऊन. भिसेगावच्या आपल्या घरात स्वयंपाकघराची एक भिंत तुम्ही मला सरावाला दिली होती. मी स्टुलावर उभी राहून खिळे ठोकते आहे, खाली आई भाकरी थापते आहे आणि ओरडते आहे, "पिठात चुना पडतोय! तुमा बापलेकीला दुसरी भिंत नाय का?" तुम्ही उंबऱ्यात बसून नुसते हसता आहात. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटी मुलगी. बायकांच्या मापाचे सेफ्टी बूट कर्जतच्या बाजारात मिळेनात, तेव्हा तुम्ही पुरुषांचं सगळ्यात लहान माप आणलंत, टोकात कापूस भरलात आणि खाली बसून अंगठ्याने दाबून पाहिलंत, पाचवीत शाळेचे बूट घेताना दाबायचात तसं. रागावलात मात्र एकदाच. एका घरमालकाने सांगितलं, मेन बंद आहे, आणि मी तारेला हात लावायला गेले. तुम्ही इतक्या जोरात मला मागे ढकललंत की मी पडले. "दुसऱ्यानं सांगितलं म्हणून हात घालतेस? बंद हाय का नाय ते आपुन बघायचं. आपल्या डोळ्यांनी." मी घरापर्यंत रडत आले. जेवताना तुम्ही माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचा तळलेला बोंबील ठेवलात.

खालापूरच्या त्या कारखान्यात मला लागून चौदा वर्षं झाली. मेंटेनन्समध्ये मी एकटीच बाई. जुने सुपरवायझर निवृत्त झाले आणि आठ महिने त्यांचं सगळं काम मीच बघत होते. मग एका सोमवारी सूचनाफलकावर कागद लागला. नाव माझं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकलेल्या एका सहकाऱ्याचं होतं. मी साहेबांकडे गेले. ते अगदी गोड बोलले. "मॅडम, तुमच्या कामाबद्दल वादच नाही. पण सुपरवायझर म्हटला की रात्री-अपरात्री मशीन बंद पडलं, तरी उठून यावं लागतं. तुम्हाला घर आहे, मुलगी दहावीला आहे. आम्ही तुमच्याच सोयीचा विचार केला."

"मला विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? समजतंच की."

मी बाहेर आले. बायकांचं स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत, आमच्या विभागापासून बरंच लांब. तेवढं चालत गेले, नळ सोडला आणि तिथे उभी राहिले. परत येऊन एका पंपाची मोटर जोडली, कारण ती जोडायचीच होती.

त्या आठवड्यात माझ्या डोक्यात तुमचं ते ढकलणं सारखं येत होतं. साहेब म्हणाले म्हणून मी कशी धरून चालू की मला अवेळी येता येत नाही? मी मशीन बंद पडल्याच्या नोंदींची वही काढली. कोण आलं, किती वाजता आलं, खाली सही. गणपतीच्या दुसऱ्या दिवशीची माझी सही होती. लेक तापाने फणफणली होती, त्या रविवारचीही होती. मी पानांचे फोटो काढले आणि अर्ज लिहायला बसले. नवरा म्हणाला, "लिही. पण रागात लिहू नको." तीन वेळा फाडला. शेवटी एवढंच उरलं: निवड कशाच्या आधारावर झाली ते लेखी कळवावं, आणि मी बाई आहे म्हणून मला वगळलं असेल तर तेही लेखी कळवावं.

त्यानंतरचे दोन महिने वाईट गेले. चहाला माणसं मी आले की उठू लागली. "सवलती पण पायजेत आन् पद पण पायजे," कुणीतरी मला ऐकू जाईल असं बोललं. ज्याचं नाव लागलं होतं तो एकदा आला, पॅनलपाशी उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, मी नको कसं म्हनू? घरी पेढे वाटलेत." मला त्याचा राग आला नाही. मीही वाटलेच असते. पण माझ्या अर्जावर कंपनीने नेमलेल्या चौकशी समितीने त्याला बोलावलं तेव्हा तो खरं बोलला. "अडीअडचणीला जास्त ताईच आल्यात. मला बी त्यांनीच शिकवलंय." नोकरीची भीती त्यालाही होतीच, बाबा. तरी बोलला.

निवड पुन्हा झाली, ह्या वेळी मुलाखत घेऊन, आणि नाव माझं लागलं. आधीच्या निवडीबद्दल मला आलेल्या पत्रात 'प्रक्रियेतील त्रुटी' असे दोनच शब्द आहेत. बाई म्हणून डावललं, असं कुठेच नाही. साहेब समोरून जाताना आता मोबाइल बघतात. तो सहकारी आठवडाभर बोलला नाही, मग एका दुपारी जळकी केबल घेऊन आला आणि विचारलं, "हे कशानं झालं असंल?" आम्ही दोघांनी मिळून शोधलं.

पण त्या समितीच्या खोलीतली एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, "ह्याआधी कधी, कुठेही, तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलंय?" मला चौकाजवळचं ते नवं घर आठवलं. तुमचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, आणि अख्ख्या घराचा मेन बोर्ड मी एकटीने जोडला होता. मालक आला, सगळे दिवे लावून बघितले आणि म्हणाला, "लई साफ काम हाय. कुनी केलं?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "मीच. डाव्या हातानं." येताना बसमध्ये म्हणालात, "पोरीनं केलंय कळलं असतं तर उद्या दुसरा वायरमन आनून सगळं उघडून बघितलं असतं त्यानं. तुज्यासाठीच बोललो गं." मी खिडकीबाहेर बघत 'हं' म्हटलं होतं.

अध्यक्षबाई पेन धरून थांबल्या होत्या. मी म्हटलं, "नाही."

सगळ्या चौकशीत मी खोटं बोलले ते एवढंच. तुमचा पत्ता असता, तरी हे शेवटचं पान मी पाकिटात घातलं नसतं.