हौदातलं मडकं

आत्याबाई, परसातला हौद मी पुन्हा बांधून घेतला. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही रागावणार, तर निदान एक गोष्ट खुशीची आधी होऊन जाऊ दे. मी, तुमची सून, बोलते आहे आणि माझी सून लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हालाही येत नव्हतं, म्हणजे हे पत्र पोचलंच तरी तुम्हाला कुणाकडून तरी वाचूनच घ्यावं लागेल, आणि तो वाचणारा खरं वाचेल की आपल्या मनाचं घालेल, देव जाणे. इथे माझीही तीच पंचाईत. मी एवढं बोलते आणि हिचं पेन दोन ओळीत थांबतं. मी विचारते, "बाकीनं कोठे गयं?" ही म्हणते, "आई, एकच गोष्ट तुम्ही तीनदा बोलल्या." मग मी वाचून दाखवायला लावते. वाचते तर बरोबर. पण कागदावरचं वाचते की लक्षात राहिलेलं म्हणून दाखवते, हे मला कसं कळावं? मुलाला बसवलं असतं तर तो म्हणाला असता फोनमध्येच बोल, तो आपोआप लिहितो. आणि फोनवर माझा विश्वास सुनेपेक्षाही कमी. शिवाय हिलाच बसवण्याचं आणखी एक कारण आहे. ते ओघात येईल.

तुमचा हौद दगडाचा होता, बैलांच्या पाण्याचा. पाण्यात डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून मामंजींनी तापीतून हंडाभर मासे आणून सोडले होते. ज्या घरात जेवताना माशाचं नाव काढलं तरी तुम्ही ताट सारायच्या, त्याच घराच्या परसात मासे सुखाने पोहायचे, आणि एकादशीला तुम्ही त्यांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या. पुढे तुम्ही गेलात, बैल गेले, ट्रॅक्टर आला, निंबाच्या मुळीने हौदाची एक भिंत उचलली, पाणी टिकेना. तिथे मग फुटक्या बादल्या, पाइपांचे तुकडे, एक मोडकी खाट असं सगळं साठत गेलं. मुलगा म्हणाला, बुजवून टाकू, गाडी उभी करायला जागा होईल. मी म्हटलं, मी गेल्यावर बुजव, तेव्हा मला दिसणार नाही. झालं, गवंडी आला. त्याच्यावर माझा पहिल्या दिवसापासून डोळा. सिमेंट कालवायच्या जागी मी खुर्ची टाकून बसले. दोन दिवसांनी तो वैतागून म्हणाला, "आजी, तुमना मन्हावर भरोसा नही का?" मी म्हटलं, "भरोसा शे, म्हनीसनच बठेल शे." भिंत चांगली झाली, हे मान्य करते. माझ्या बसण्यामुळे झाली, हे तो मान्य करत नाही.

नव्या सिमेंटात पाणी भरून लगेच मासे सोडायला मुलगा निघाला होता. नवापूरहून सोनेरी माशांची पिशवीही आणून ठेवली होती त्याने, फुगवून, रबर बांधून. तेव्हा तुमची आठवण झाली. एका साली तुम्ही या हौदाला चुन्याचा गिलावा करून घेतला होता आणि मासे परत सोडण्याआधी केळीचे खांब तोडून पाण्यात टाकायला लावले होते. चुन्याचा कडकपणा केळी ओढून घेते, म्हणाला होतात. मी शेतातून खांब मागवले, हातभर तुकडे करून हौदात लोटले. पिशवीतले मासे तोवर जुन्या घंगाळात. पाणी काळं झालं, वास सुटला, सून नाकाला पदर लावून कपडे वाळत घालू लागली. ते पाणी सोडून दिलं, पुन्हा भरलं, पुन्हा खांब. तीनदा केलं. मुलगा म्हणाला हे सगळं अडाणीपणाचं आहे, दुकानात औषध मिळतं. मी दोन मासे आधी सोडून पाहिले. तीन दिवस जगले, मग बाकीचे सोडले. गिलाव्याचा वास घेत घंगाळाशी बसले होते तेव्हा वाटलं, तुम्ही मागे उभ्या आहात आणि काहीतरी चुकलेलं शोधता आहात. म्हणून मागे वळून पाहिलं नाही.

तळाशी मी एक मडकं आडवं टाकलं. रुंद तोंडाचं, पोटाने मोठं, तुम्ही टाकायच्या तसंच. उन्हाळ्यात माशांना सावली, असं तुम्ही सांगायच्या. हे मडकं मी माझ्या हाताने ठेवलं, मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन, गुडघाभर पाण्यात उतरून. हे लक्षात ठेवा.

दिवाळी सरली आणि यंदा थंडी लवकर पडली. मी हौदाच्या अर्ध्या भागावर बांबू टाकून कापसाची पऱ्हाटी पसरली, वर केळीची वाळकी पानं, म्हणजे दव थेट पाण्यावर पडायला नको. उरलेल्या अर्ध्यावर जुनी जाळी, ढोकरीसाठी. तो पक्षी रोज सकाळी निंबावर मान आखडून बसतो, जणू आमच्याकडे सोयरीक घेऊन आला आहे. नळाचं गार पाणी घालायचं नाही, बोअरचं कोमट तेवढं घालायचं, आणि गारठा असेल त्या दिवशी दाणा टाकायचा नाही, कारण थंडीत मासा खात नाही आणि न खाल्लेलं कुजून पाणी नासतं. मुलगा हे सगळं पाहून म्हणाला, "आई, ह्या मासा शेतस का जवाई?" मी म्हटलं, जावयापेक्षा बरे, रुसत नाहीत.

आणि एक दिवस मासे दिसेनात. मी जाळीतून पाहिलं, पऱ्हाटी उचलून पाहिलं. पाणी हिरवट, शांत, आत काही हलत नाही. ढोकरी म्हणावी तर जाळी जागच्या जागी. मांजर म्हणावं तर हौदाच्या काठावर ओला पाय नाही. मग माझं डोकं माणसांकडे वळलं. हिचा भाऊ आदल्याच दिवशी नवापूरहून आला होता. कोंबड्यांच्या शेडवर कामाला आहे, पण आमच्या घरात शिरताना अंडं हा शब्दसुद्धा चपलांबरोबर बाहेर काढून येतो, इतका सरळ. त्याच्या मुलाने काचेची पेटी घेतली आहे, त्यात सोनेरी मासे सोडायचे आहेत, असं तो चहा पिताना बोलला होता. ते वाक्य माझ्या कानात जाऊन बसलं. दुसऱ्या सकाळी तो निघाला तेव्हा त्याच्या हातात स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा, आणि हा डबा माझ्या सुनेने स्वयंपाकघरातून पदराआड आणून दिला होता. पदराआड का? मी ओट्यावर उभी. तो पाया पडायला वाकला. मी म्हटलं, "डबा बघू." आणि त्याच्या हातातून घेऊन झाकण काढलं.

आत भरीत होतं, आत्याबाई. हिरव्या मिरचीचं, वर कांद्याची पात. वाफ माझ्या चष्म्यावर आली. पदराआड अशासाठी की गरम डबा तिने पदराने धरला होता. भरितात मासे शोधणारी या अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन. हसायचा प्रयत्न केला भावाने, तो जमला नाही. झाकण लावलं, गाडीला किक मारली, गेला. त्या दिवसापासून सून मला "आई, जेवायला चला" एवढंच म्हणते, आणि मी जाते.

आता तुम्हाला कळलं असेल मी हे कुणाला आणि का सांगते आहे. माझं लग्न होऊन पहिलंच साल होतं. संक्रांतीला माझी माहेरची मैत्रीण भेटायला आली होती. आमच्या माहेरी नदीकाठी मासे धरणाऱ्यांची घरं, त्यातल्या घरची ती. दिली होती सारंगखेड्याच्या बाजूला. दोघी परसात बसून हसलो, हौदाच्या काठावर पाय सोडून. तिने पाण्यात बोट फिरवलं. ती निघाली तेव्हा तिच्या डोक्यावर फडकं झाकलेली टोपली. त्याच सकाळी तुम्हाला हौदात एकही मासा दिसला नव्हता. तुम्ही दारात आडव्या उभ्या. "मासा कोठे ग्यात वं?" तुम्ही मला विचारलं, आणि माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहून. मग म्हणालात, "टोपलीमा काय शे? फडकं काढ." तिने टोपली खाली ठेवली. फडकं तिने नाही काढलं, तुम्हीच काढलं. आत तुरीच्या ओल्या शेंगा होत्या, मीच दिलेल्या. ती त्या शेंगांकडे पाहत होती, मी तुमच्या पायांकडे पाहत होते. पुन्हा ती कधी आली नाही. एकदा बाजारात दिसली, लेकरू कडेवर, तिने मान दुसरीकडे केली. मीही हाक मारली नाही. तुमच्या घरची सून म्हणून हाक मारायची की तिची मैत्रीण म्हणून, हेच ठरेना.

होळीच्या आधी हौद उपसला. मामंजींनी मडकं उचललं, उलटं केलं, आणि त्यातून सगळे मासे टपाटपा उरलेल्या पाण्यात पडले, धष्टपुष्ट, चिखल माखलेले. अख्खी थंडी ते त्या पोटात दाटीवाटीने बसून होते. तुम्ही पाहिलं. तुम्ही पाहिलं हे मी पाहिलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "चाल, पानी भर." आणि दुपारी माझ्या ताटात पुरणपोळी वाढली, त्यावर तुपाची वाटी अर्धी रिकामी केली आणि म्हणालात, "अजून एक ले." मी सून म्हणून नवी होते, मला वाटलं तुमच्या मनात आता दुसरं काही आहे. मी संशयाने खाल्ली ती पोळी. किती वर्षांनी कळलं की तुमच्या तोंडून त्याहून जास्त निघणारच नव्हतं. पण आत्याबाई, तूप माझ्या ताटात आलं. तिच्या दारी कुणी गेलं नाही. तुम्ही नाही, मीही नाही.

डबा उघडल्यानंतर दोन दिवसांनी दुपारचं ऊन हौदात तिरपं उतरलं आणि मडक्याच्या तोंडातून एक सोनेरी थोबाड बाहेर डोकावलं. मागे दुसरं. सगळे आत. मी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळच्या जेवणात सुनेच्या ताटात तूप जास्त वाढलं. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी संशयाने.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. झाकण काढलं तेव्हा मडकं मी विसरले नव्हते. ओट्यावर त्याच्या हातातला डबा घेतला, झाकणाला बोटं लागली, आणि नेमकं तेव्हाच मला मडकं आठवलं, तुमचं आणि माझं, दोन्ही. मासे कुठे आहेत हे त्या क्षणी मला कळलं होतं. तरी मी झाकण काढलं. तुमच्या जागी दारात उभं राहून कसं वाटतं, ते एकदा पाहायचं होतं बहुतेक. बरं वाटलं, आत्याबाई. झाकण निघेपर्यंत बरं वाटलं.

इथे पेन थांबलं. मी विचारलं, "लिखं का?" ती खाली बघून बसली. मग कागदावर पेन चाललं, बराच वेळ, मी बोलले त्याहून जास्त. काय लिहिलं ते वाचून दाखव असं मी म्हटलं नाही. असेल तिचं तिचं काही तुमच्यासाठी.

हे पत्र कुठे जायचं नाही, पिठाच्या डब्याखाली राहील. हिला म्हटलं, भावाला फोन लाव आणि माझ्या हातात दे. "तुम्ही बोलणार?" म्हणाली. म्हटलं, झाकण मीच काढलं ना. फोन कानाला धरून बसले आहे. वाजतो आहे, तो उचलत नाही. वाजतो आहे तोवर लिहीत राहा, असं मी हिला सांगते आहे.