माहेरचा डबा, लातूरचा काटा

५ जानेवारी
व्यायामाचं सर्किट सुरू केलं. क्लासच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरचा हॉल. गोल फिरायचं – उठाबशा, दोरी, पायरी, डंबेल. शिट्टी वाजली की पुढं. शिवकांता मॅडमची शिट्टी म्हणजे फौजदाराची. दोरीपाशी माझ्या पायांनी जमीन काही सोडली नाही!

नांदेडचे डॉक्टर म्हणाले होते, "किडनी जुळते, पण या वजनात तुमची घेता येणार नाही. आठ किलो उतरवा, मग बोलू." धाकटा भाऊ माझा, धम्मानंद. त्याला दुसऱ्या कुणाची जुळत नाही. आई थकलेली. राहिले मी – ही अशी.

११ जानेवारी
गुडघे गेले. जिना उतरताना रडले.

१८ जानेवारी
आईचा डबा आला. दर रविवारी नांदेडच्या एसटीतून येतो. डिंकाचे लाडू, खव्याच्या पोळ्या, वर तुपाची बरणी. माहेरचा डबा भरलेला परत धाडायचा नसतो, अशुभ; बाहेर वाटायचाही नसतो, ही आईचीच शिकवण. ह्यांना शुगर, पोरं तोंड लावत नाहीत. उरते कोण?

संध्याकाळी धम्माचा फोन. "अक्का, खाल्लीस नं? आईनं लई जीव लावून केलंय." डायलिसिसवरून आलेला माणूस माझ्या खाण्याची चौकशी करतो! अजून एक लाडू खाल्ला.

३ फेब्रुवारी
अर्धा किलो उतरलं. मॅडम म्हणाल्या, "इथं घाम गाळता, घरी जाऊन काय करता?" मी दोरी उचलली.

१५ फेब्रुवारी
उतरलेला अर्धा किलो परत आला. डबाही आला. धम्माचा आवाज फार बारीक झालाय फोनवर. माझ्याच्यानं हे व्हायचं नाही. खरंच नाही. तरी सकाळी म्हैस ओळखीच्या वाटेनं जाते तशी मी हॉलकडे जाते.

१ मार्च
नांदेडला गेले. धम्मा पडून होता, पाय सुजलेले. मी आईला म्हटलं, "आता लाडू पुरे कर, आई. वजन हलत नाही."

आई बघतच राहिली. "कसले लाडू गं? माझे हात वर होईनात. भाकर बी शेजारीण करून देती."

धम्मानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तसाच बोलला. "मीच बचत गटाच्या बायांकडून घेऊन धाडून राहिलो. तुला दोन लेकरं हायत, अक्का. वजन उतरलं की तू ऑपरेशनच्या टेबलावर जाशील. मला न्हाई पाहिजे तुझी किडनी."

राग आला. इतका, की त्या सुजलेल्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि मी? मायेचं म्हणून सगळं गिळत बसले. लातूर येईपर्यंत एसटीत रडत होते. माझा भाऊ मरायची तयारी करतोय, तीही माझ्याच हातानं.

८ मार्च
तरी डबा आला. जड होता. न उघडता त्याच गाडीनं परत धाडला. कंडक्टर नेहमीचा. भरलेला डबा बघून म्हणाला, "ताई, घरी काही वाईट झालं का?"

म्हटलं, अजून नाही.